शोधाचा करारनामा

विद्यापीठातील संशोधकाच्या हातून एखादे वैद्यकीय उपकरण सिद्ध झाले की ते रुग्णाच्या उपयोगी पडलेच, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु प्रयोगशाळेचे दार आणि रुग्णालयाचे दार यांच्यामध्ये दस्तऐवजांचा जो दीर्घ रस्ता पसरलेला आहे, त्यावर कित्येक उत्तम कल्पना पेटंटची मुदत संपेपर्यंत तशाच पडून राहतात, ही गोष्ट या व्यवसायात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. माझे काम त्या रस्त्यावरचे. संशोधक आपला शोध घेऊन येतो, मी पेटंटच्या अर्जासाठी त्याचे स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन, लिहितो, आणि पुढे त्याची संस्था तो शोध परवान्याने कारखानदाराच्या हवाली करू लागली, की करारनाम्याचा मसुदाही पाहतो. राहायला मी कळव्यात. इथले महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय मुंब्रा-दिव्यापासून थेट शहापूर-मुरबाडपर्यंतच्या रुग्णांचा आधार आहे, आणि विटावा ओलांडला की दिघा, ऐरोली, रबाळे असा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. गरज आणि ती भागवण्याचे सामर्थ्य इतकी शेजारी नांदत असताना दोहोंना जोडणारा कागद किती कच्चा असतो, याची खंत मला या गावात अधिक जाणवते.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापिकेने आणलेले उपकरण उदाहरणादाखल घेतो. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना हळूहळू बोथट होते. खडा रुतला तरी रुग्णाला कळत नाही, जखम चिघळते, आणि कधी कधी पाय कापण्यापर्यंत पाळी येते. ही संवेदना तपासण्यासाठी डॉक्टर १२८ हर्ट्झचा नादकाटा वापरतात, १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, किंवा जिथे ऐपत असेल तिथे बायोथेसिओमीटर नावाचे यंत्र ठेवतात, ज्याच्यावर कंपन वाढवत नेऊन रुग्णाला ते केव्हा जाणवले हे व्होल्टमध्ये वाचता येते. या बाईंचे म्हणणे असे की, यंत्राचे टोक एकाने जोरात दाबले आणि दुसऱ्याने हलकेच टेकवले, तर एकाच पायाचे वाचन दोन प्रकारचे येते. म्हणून त्यांनी हातात धरण्याजोग्या नळीत टोकामागे एक स्प्रिंग बसवली आणि दाब ठरल्याइतका झाल्याशिवाय कंपन सुरूच होऊ नये, अशी कळ जोडली.

मसुदा करताना मी त्यांना विचारले, "मॅडम, ही स्प्रिंग नसेल तर दुसरे काय चालेल?"

"रबराचा तुकडाही चालेल, सर."

"आणि हवा भरलेली उशी?"

"चालेल की. दाब सारखा राहिला म्हणजे झाले."

पेटंटच्या दाव्यात, म्हणजे हक्क नेमका कशावर मागायचा हे सांगणाऱ्या मजकुरात, 'स्प्रिंग' एवढेच लिहिले असते, तर उद्या कोणीही रबर लावून तेच उपकरण राजरोस विकले असते. म्हणून तिथे 'टोकावर पूर्वनिश्चित दाब कायम राखणारा स्थितिस्थापक घटक' असे शब्द आले. पण दावा कितीही ऐसपैस लिहावा म्हटले, तरी जुने दाखले शोधू लागल्यावर कंपन वाढवत नेण्याची युक्ती फार पूर्वीची निघाली. तेव्हा ती सोडून देऊन दाब आणि कंपन यांना बांधणाऱ्या त्या कळीपाशी आम्ही आमची हद्द आखली. पेटंट कचेरीतील परीक्षकाच्या हरकतीला टिकेल तेवढेच मागावे, हा शहाणपणा संशोधकाला पटवताना बराच वेळ जातो, कारण त्याला आपले सगळेच नवे वाटत असते.

प्राध्यापिकेच्या टिपणाचे शीर्षक 'मधुमेही रुग्णाच्या पायाचे निदान करण्याची पद्धत' असे होते. ते मी खोडले. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ माणसावरील उपचाराच्या आणि निदानाच्या पद्धतींवर कोणालाही मक्ता देत नाही, आणि ते योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरने काय करावे, यासाठी त्याला कोणाचा परवाना काढावा लागू नये. यंत्रावर मात्र हक्क मागता येतो. एका परिषदेत निबंध वाचायची त्यांना घाई झाली होती, ती मी थोपवली, कारण अर्ज दाखल होण्याआधी शोध जाहीर झाला की त्याचे नावीन्य धोक्यात येते. प्रथम तात्पुरते स्पेसिफिकेशन रुजू केले, की पूर्ण दस्तऐवजासाठी १२ महिने मिळतात. मग निबंध खुशाल वाचावा.

यानंतर संस्थेने या शोधाचे एकपानी पत्रक काढले: उपयोग काय, अवस्था कोणती, परवाना उपलब्ध. अशा पत्रकांच्या चवडी प्रत्येक मोठ्या संस्थेत असतात. त्यातून एक कंपनी पुढे आली आणि तिने एकाधिकार मागितला. मागणी गैरवाजवी नव्हती. साचे पाडायचे, चाचण्या करायच्या, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली उत्पादनाचा परवाना काढायचा, आणि हा सगळा खर्च झाल्यावर दुसऱ्याने येऊन तेच विकायचे, असे असेल तर कोणीच पैसा घालणार नाही. परंतु एकाधिकार घेऊन कंपनी स्वस्थ बसली तर तो शोध जिवंतपणीच गाडला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नये एवढ्यासाठीच एखादी गोष्ट घेऊन ठेवणारे व्यापारीही असतात. संस्थेचे अधिकारी स्वामित्वधनाच्या टक्केवारीवर तास तास घासाघीस करतात; मला नेहमी वाटत आले आहे की, जे उपकरण विकलेच गेले नाही त्याचे टक्के वाढवून घेण्यात अर्थ नाही. करारनाम्याचा प्राण तत्परतेच्या कलमात असतो: अमुक मुदतीत नमुना, अमुक मुदतीत परवान्याचा अर्ज, त्यानंतर दरसाल किमान ठरावीक रक्कम, आणि यातले काही चुकले तर एकाधिकार आपोआप संपुष्टात.

ही दृष्टी नवी नाही. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली इन्शुलिनचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलर घेऊन लिहून दिले, ते दुसऱ्या कोणी मक्ता बळकावू नये म्हणून. आणि विद्यापीठाने एलाय लिली कंपनीला सुरुवातीचा एकाधिकाराचा काळ दिला तो मर्यादित ठेवून. आपल्याकडे मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कचेरीतून बायरच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे हक्कदाराच्या संमतीशिवाय उत्पादनाची मुभा, दिला गेला, तेव्हा महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८८० रुपयांवर आले. परंतु सक्तीचा परवाना हा शेवटचा उपाय. देणारी संस्था सरकारी पैशावर चालत असेल, तर तिने ही तजवीज पहिल्याच कागदात करून ठेवावी.

किमतीचेही तेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपली कर्करोगावरील कार-टी पेशींची उपचारपद्धती नोव्हार्टिसकडे सोपवली. २०१७ साली मान्यता मिळाली तेव्हा तिची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. पवईच्या आयआयटीतील प्रा. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी तसाच उपचार इथे घडवला, संस्थेच्याच छत्राखाली वाढलेल्या इम्युनोअॅक्ट कंपनीने तो हाती घेतला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. किंमत तेव्हा परदेशच्या सुमारे एक-दशांश होती. ही फार मोठी कामगिरी आहे, आणि तिचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. तरीही तीस-चाळीस लाख रुपये मुंब्र्याच्या चाळीतल्या कुटुंबाने कुठून आणावेत, हा प्रश्न उरतो. म्हणून सार्वजनिक रुग्णालयांसाठी वेगळा दर असावा, हे कलम मी प्रत्येक मसुद्यात सुचवतो. कधी ते राहते, कधी गळते.

आमच्या उपकरणाच्या करारात ते राहिले. उपकरण बाजारात आणायला कंपनीने पाच वर्षांची मोकळीक मागितली होती, ती तीन वर्षांवर आली. महापालिका आणि सरकारी रुग्णालयांना उत्पादनखर्चावर ठरावीक नफा धरून माल द्यायचा, हेही मान्य झाले. सध्या साचा तयार आहे आणि टोकावरचा दाब शंभर-शंभर वापरांनंतर ढळतो किंवा नाही, याची तपासणी चालू आहे. परवान्याच्या अर्जाची मुदत येत्या मार्चअखेर भरते. ती तारीख चुकली, तर कंपनीला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा मी आताच संस्थेच्या दप्तरी देऊन ठेवला आहे.