पैठणीची राख होण्यापूर्वीं

प्रवरेच्या कांठीं, भगवतीच्या पायाशीं वसलेलें कोल्हार हें आमचें मूळ गांव. येथून उत्तरेस जाणारा हमरस्ता पुढें येवल्यास पोहोंचतो. त्यामुळें लग्नसराईंत येवल्याची पैठणी आणणें ही आमच्याकडील जुनी रीत. मागील दिवाळींत वाडा आवरतांना माजघरांतील पेटींत पणजीबाईंची पैठणी निघाली. घड्यांवर रेशीम विरलेलें, पदराची जर मात्र शाबूत. घरांत लागलीच दोन पक्ष पडले. एक म्हणे, जुनी जर घेणाऱ्यास द्यावी. दुसरा म्हणे, मुलींना परकर शिवावे. थोरल्या काकूंनीं ती उचलून आपल्या कपाटांत ठेवली, म्हणून त्या दिवशीं ती वांचली.

जर घेणारा असें वस्त्र जाळतो. खऱ्या जरीची तार चांदीची, वर सोन्याचा मुलामा. रेशीम जळून जातें व राखेंतून धातु निघतो. विणकराचे महिनेच्या महिने घटकाभरांत चांदीच्या वजनावर येतात. पदरावरील मोर हें भरतकाम नव्हे. तो विणतांनाच उमटतो. निरनिराळ्या रंगांच्या लहान कांड्या घेऊन विणकर एकेक रंग त्याच्या जागेपुरताच विणतो आणि शेजारच्या धाग्यांत अडकवितो. म्हणून पदर दोन्ही बाजूंनीं सारखा दिसतो.

अशीं वस्त्रें जपण्याचा धडा पुण्यास मिळतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यें, तशींच जुनीं भरजरी वस्त्रेंही जमविलीं. बालपणींच वारलेल्या राजा ह्या मुलाचें नांव संग्रहास देऊन १९७५ सालीं तो त्यांनीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तेथील कपाटांसमोर उभे असतां आमच्या मनांत आलें कीं, हें आपल्यासारख्यांच्याच पेट्यांतून आलेलें; पण कोण केव्हां नेसली, हें सांगणारें माणूस वस्त्राबरोबर येत नाहीं.

आमच्या घरीं तें माणूस अद्याप होतें. काकूंना विचारतां कळलें, ती पैठणी एकट्या पणजीबाईंची नव्हे. घरांत आलेल्या चार सुना पहिल्या मंगळागौरीस तीच नेसल्या होत्या.

वाचकभगिनींनीं एवढें करावें. रेशीम घडीवर तुटतें, म्हणून तें धुतलेल्या मलमलींत गुंडाळावें. घडी घातलीच तर ती दर तीन-चार महिन्यांनीं बदलावी. डांबराच्या गोळ्या जरीस लागूं देऊं नयेत, वस्त्र प्लॅस्टिकांत कोंडूं नये, उन्हांतही पसरूं नये. आणि नांवें लिहिलेली चिठी जवळ ठेवावी. टाचणीनें मात्र लावूं नये, ती गंजते.

आमच्या चिठीवर काकूंनीं चार नांवें सांगितलीं. चौथें त्यांचें स्वतःचें. त्यानंतर विकण्याची गोष्ट कोणीं काढली नाहीं.