शुगर निघाली का, वहिनी?

पुण्या-मुंबईत धावायला शूज लागतात. आमच्या उमरखेडमध्ये मात्र आधी लागतं कारण! आईच्या पहिल्यावहिल्या रेसची ही गोष्ट... आणि तिच्याआधी बारामतीत धावलेल्या एका मावशींचीही.

रात्री साडेदहाला आईचा फोन. एवढ्या उशिरा उमरखेडहून फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. कोण आजारी पडलं? कोण गेलं? पण आईचा आवाज एकदम हळू, चोरून बोलल्यासारखा.

'तुह्यापाशी ते बूट हायत ना, धावाचे? जुने? माह्या पायाले होतीन का?'

आईचं वय ५६. आयुष्यात तिला मी पळताना पाहिलंय ते फक्त एसटी सुटायला लागल्यावर! त्यामुळे मी आधी हसले आणि मग बेडवर उठूनच बसले. गावात २६ जानेवारीला सकाळी 'मॅरेथॉन' आहे म्हणे. महिलांचा ४५ वर्षांवरचा गट, अंतर तीन किलोमीटर, पहिलं बक्षीस २,००१ रुपये. आईने फॉर्म भरला होता. बाबांना अजून सांगितलं नव्हतं.

(आपल्याकडे तीन किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात, हे एव्हाना तुम्हाला माहीत असेलच. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. पण हे आईला सांगून तिचा मूड घालवण्यात काय पॉइंट?)

मी स्वतः पुण्यात रविवारी धावणाऱ्या जमातीतली. घड्याळ, अॅप, एनर्जी जेल, सगळा सरंजाम आहे. आजवर तीन दहा-के केल्या. प्रत्येक वेळी भरपूर फी भरून! बदल्यात टी-शर्ट, मेडल आणि प्रोफाइल फोटो. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर हे धावण्याचं वेड शहरांत पसरत गेलं. तिथे 'का धावतेस?' असं कुणी विचारत नाही. उलट 'अजून हाफ नाही केलीस?' असं विचारतात. उमरखेडचं गणित वेगळं आहे, हे मला आईमुळे कळलं.

२३ तारखेच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी पोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आईने हलवून उठवलं. बाहेर कडाक्याची थंडी, ढाणकी रोडला अंधार, मध्येच उसाने लादलेला ट्रॅक्टर आपल्या ट्रॉल्या खडखडवत जाणारा. पण रस्ता रिकामा नव्हता! दहा-बारा मुली मोबाइलचे टॉर्च लावून धावत होत्या. पोलीस भरतीच्या. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. या पोरींना कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर एका शब्दात उत्तर तयार: भरती. कुणाच्या बापाची हिंमत आहे अडवायची!

आई या मुलींच्या मागे-मागे पळायला शिकली. दिवाळीनंतर ती सकाळी फिरायला जायला लागली होती. एक दिवस मुली पुढे गेल्या आणि अंधारात मागे एकटं राहायची भीती वाटली म्हणून ती चार पावलं पळाली. मग आठ. मग 'त्या खांबापर्यंत'. जगभरातले कोच नवशिक्यांना जे सांगतात तेच हे, थोडं पळा, थोडं चाला, बोलताना धाप लागली की हळू व्हा. आईने ते एकही व्हिडिओ न बघता शोधून काढलं होतं. खांब मोजून!

'लोक काही म्हणत नाहीत?' मी विचारलं.

ती पदराआड हसली. 'म्हंते ना. पयल्याच हप्त्यात शेजारच्या काकूनं इचारलं, शुगर निघाली का, वहिनी?'

'मग?'

'मी म्हनलं, हो, निघाली.'

आईला शुगर नाही. बीपी नाही. थायरॉइडसुद्धा नाही! पण गावात पन्नाशीची बाई रस्त्याने पळते म्हणजे डॉक्टरने सांगितलेलं असणार, नाहीतर डोक्यावर तरी परिणाम झालेला असणार. दोन्हीपैकी शुगर बरी. एकदा ती 'निघाली' म्हटल्यावर काकूंनी मेथीदाणे भिजवून प्यायला सांगितले, समोरच्या आजींनी कारल्याचा रस. आणि रस्ता मोकळा झाला. एका खोट्या आजाराच्या पासवर माझी आई दोन महिने धावत होती... काय डोकं म्हणायचं हे!

बाबांना मात्र पास दाखवून चालणार नव्हता. त्यांना घरातले सगळे रिपोर्ट पाठ असतात. त्या संध्याकाळी जेवताना आईने रेसचा विषय काढला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, थांबले.

'कायले?'

'ते लता करे नाही का धावली, माह्यापेक्षा मोठी होती थे.'

'तिले एमआरआयचे पैसे पाह्यजे होते. तुले काय कमी हाय?'

ताटांवर शांतता पसरली. आईला उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, मलाही नाही.

लता करे तुम्हाला आठवत असतील. मूळच्या आमच्याच वऱ्हाडातल्या, बुलडाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी नवऱ्याबरोबर बारामतीकडे गेल्या, तिथे मोलमजुरी केली, तीन मुलींची लग्नं केली. साठी ओलांडली आणि नवरा, भगवान करे, आजारी पडला. एमआरआय करा म्हणाले. खर्च पाच हजारांच्या घरात. आणि २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरला बक्षीस होतं पाच हजार! लताबाई उभ्या राहिल्या, त्या नऊवारी लुगड्यात. पायात काही नाही. रेस म्हणून आयुष्यात कधी धावलेल्या नसताना त्या पहिल्या आल्या. पुढे २०२० मध्ये दिग्दर्शक नवीन देशबोईना यांनी 'लता भगवान करे' हा सिनेमा काढला. त्यात लताबाईंची भूमिका स्वतः लताबाईंनीच केली आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. आईने तो सिनेमा मोबाइलवर दोनदा पाहिलाय. त्याच वर्षी, २०२१ मध्ये, कोरोनाने भगवान करे गेले. ज्यांच्यासाठी त्या धावल्या, तेच.

आपण मीडियावाल्यांनी या गोष्टीत काय उचललं? नऊवारी आणि अनवाणी पाय. मीही कॉलेजात असताना तो फोटो फॉरवर्ड केलाय, खाली 'सॅल्यूट' वगैरे लिहून. तिथे खरं तर लाज वाटायला हवी होती. साठीच्या बाईने नवऱ्याच्या तपासणीसाठी डांबरावर अनवाणी पळावं, यात छान काय आहे? १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, तो फोटो सगळ्यांना माहीत असतो. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून पुन्हा जिंकला. तो फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

पण बाबांच्या प्रश्नाने मला दुसरीच गोष्ट टोचली. लताबाईंचं कारण एवढं मोठं होतं की त्यांच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. पोरींचं कारण भरती. काकूंच्या मते आईचं कारण शुगर. ज्या बाईचा नवरा ठणठणीत, जिला नोकरी नको, जिचे रिपोर्ट नॉर्मल, तिने कोणत्या खात्यावर धावायचं? आणि हे फक्त आमच्या गावचं नाही हं. १९६७ मध्ये अमेरिकेत कॅथरीन स्विट्झर बोस्टन मॅरेथॉन धावत होती, तेव्हा एका अधिकाऱ्याने मध्येच धावत येऊन तिच्या अंगावरचा २६१ नंबर ओढायचा प्रयत्न केला. ती तरीही शेवटपर्यंत धावली. बोस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. बाबांना हे सगळं सांगावं असं फार वाटलं. पण ते बातम्या लावून बसले होते.

२६ जानेवारी. झेंडावंदनाच्या आधीच चौकात गर्दी. स्पीकरवर देशभक्तीची गाणी, चहाच्या गाड्या, शाळेची पोरं, आणि आमच्या गटात नऊ जणी. आईने पंजाबी ड्रेसवर आयोजकांचा टी-शर्ट चढवलेला, एक्स्ट्रा लार्ज, गुडघ्यापर्यंत येणारा. पायात माझे जुने शूज, आत दोन-दोन मोजे. भरतीच्या पोरींनी तिची ओढणी कमरेला घट्ट बांधून दिली. एकीने बजावलं, 'काकू, सुरुवातीले पळू नका जोरात. खांब मोजा.'

शिट्टी झाली आणि आई... जोरात पळाली!

मी कडेने सायकलवर होते. पहिल्या अर्ध्या किलोमीटरला ती दुसरी होती. एकाला पाचवी. दीडला, जिथून वळून परत यायचं होतं तिथे, ती चालत होती आणि तोंड लाल झालं होतं. त्याच वळणावर बाबा स्कूटी घेऊन उभे. सकाळी 'दूध घेऊन येतो' म्हणून निघाले होते. डेअरी बरोबर उलट्या दिशेला आहे.

'पानी पेतं का?' त्यांनी बाटली पुढे केली.

आईने घोट घेतला, बाटली परत दिली आणि पुन्हा पळायला लागली. बाबा बाटली हातात धरून तसेच उभे होते. मी वळून पाहिलं तेव्हाही.

तीन किलोमीटर, २७ मिनिटं. नऊ जणींत सहावी. माझ्या पहिल्या फिनिशला मी रडले होते. आई फिनिशच्या पलीकडे जाऊन थेट रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, 'बूट लय गरम हायत.'

बक्षीस पहिल्या तिघींना, पण सर्टिफिकेट द्यायला सगळ्यांनाच स्टेजवर बोलावलं. निवेदक भलताच उत्साही. आईची माहिती त्याला कुणी पुरवली ते सांगायला नकोच! तो सुरू झाला, 'आणि आता येत आहेत, मधुमेहासारख्या दुर्धर आजारावर मात करून...'

आई पायऱ्या चढता चढता थांबली. स्टेजवर गेली. माइकजवळ वाकली. खाली पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, शेवटी स्कूटीला टेकून बाबा.

'मले शुगर-बिगर काही नाही,' ती म्हणाली.

स्पीकर जरा किंचाळला. निवेदकाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. 'मग काकू, धावता कायले?'

'असंच.'

कागदावर पुढे काही लिहिलेलं नसावं. त्याने सर्टिफिकेट तिच्या हातात दिलं आणि चौदा वर्षांखालच्या मुलांचा गट पुकारला.