युबारी: खाणीने वसवलेलं, कर्जाने आवरलेलं शहर

युबारीच्या उत्तर टोकाला, जुन्या खाणीच्या आवारात, डोंगराची एक कड उघडी पडलेली आहे. तिथे कोळशाचा थर पाहायला जमिनीखाली उतरावं लागत नाही. चोवीस शाकू, म्हणजे सात मीटरहून थोडा जाड असा काळा पट्टा उन्हातच दिसतो. बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकी भूगर्भतज्ज्ञाच्या तुकडीने १८७४ साली या नदीखोऱ्याची पाहणी केली होती. त्या तुकडीत काम केलेला बान इचितारो १८८८ साली पुन्हा इथे आला आणि दाट जंगलातून वाट काढत या थरापर्यंत पोहोचला. दोन वर्षांत खाण सुरू झाली, १८९२ साली रेल्वे आली. होक्काइदोतली ही दरी त्याआधी आइनू लोकांच्या मुलखाचा भाग होती. त्यांच्याकडून तो मुलूख कसा गेला, याबद्दल खाणीच्या इतिहासात फार थोडं लिहिलेलं सापडतं.

सप्पोरोच्या पूर्वेला सुमारे साठ किलोमीटरवरच्या या शहराचं क्षेत्रफळ ७६३ चौरस किलोमीटर आहे, बृहन्मुंबईपेक्षाही जास्त. १९६० साली इथे १ लाख १६ हजारांहून अधिक माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ७,३३४ उरली होती आणि त्यानंतरही आकडा उतरतोच आहे. युबारीचं नाव निघालं की जपानमध्ये बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात, खरबूज आणि दिवाळखोरी. दुसऱ्या गोष्टीबद्दलचं प्रचलित मत असं की एका उधळ्या महापौराने शहर बुडवलं. हे मत मला अपुरं वाटतं. युबारीची दरी आणि खाण नीट पाहिली, तर कर्जाचा उगम महापौराच्या कितीतरी आधी सापडतो.

हे शहर एका जागी वसलेलंच नाही. नदी आणि तिच्या उपनद्यांनी कोरलेल्या अरुंद दऱ्यांमध्ये जिथे कोळसा सापडला तिथे खाणीचं तोंड उघडलं, आणि जिथे तोंड उघडलं तिथे कंपनीने चाळी बांधल्या. उत्तरेला होन्चो, खाली शिमिझुसावा, नुमानोसावा, मोमिजियामा. पूर्वेच्या खोऱ्यात मित्सुबिशीचं ओयुबारी. भरभराटीच्या काळात अशा चोवीस खाणी होत्या. प्रत्येकीभोवती चाळी, सार्वजनिक स्नानगृह, दुकानं, शाळा, दवाखाना, सिनेमागृह. मधला पेठेचा भाग, चौक, चारी बाजूंनी वाढत जाणारं गाव असं काही घडलंच नाही. भूस्तराच्या नकाशावर शहर बेतलं गेलं होतं, आणि कोळसा होता तोवर त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

हा कोळसा फार चांगल्या प्रतीचा होता. राख कमी, आणि तापवल्यावर घट्ट चिकटून कोक बनण्याचा गुण मोठा, म्हणून पोलाद कारखान्यांत त्याला मागणी होती. पण ज्या भूहालचालींनी हा कोळसा घडला त्यांनीच थर वाकवले, मोडले आणि त्यांत मिथेन कोंडून ठेवला. १९१२ साली एप्रिल आणि डिसेंबरमध्ये दोन स्फोट झाले आणि मिळून साडेचारशेहून जास्त माणसं मेली. दोनच वर्षांनी वाकानाबेच्या खाणीत चारशेहून अधिक. युद्धकाळात कोरियातून आणि चीनमधून सक्तीने आणलेले मजूरही याच बोगद्यांत राबले.

खाणकामगारांच्या चाळीतलं आयुष्य समजून घेतल्याशिवाय पुढचा हिशेब कळत नाही. घर कंपनीचं, भाडं नाममात्र. पाणी, वीज, कोळसा, स्नानगृह यांचा खर्चही बहुतांशी कंपनीच उचलायची. इस्पितळ कंपनीचं. आज वर आलेला माणूस उद्या खाली अडकू शकतो, हे ठाऊक असल्यामुळे शेजारधर्म फार घट्ट होता. एका घरी दुःख झालं की सगळी ओळ चूल सांभाळायला धावायची. यामादा योजी यांचा १९७७ सालचा ‘पिवळे रुमाल’ चित्रपट जपानी प्रेक्षकांच्या मनात इतका रुतला, त्याला ही चाळही कारण आहे. तुरुंगातून सुटलेला नवरा परततो तेव्हा बायकोने दारात पिवळ्या रुमालांची माळ फडकवलेली असते. चित्रीकरण झालेली ती चाळ जपून ठेवली आहे आणि रुमाल अजूनही लावलेले असतात.

चित्रपट आला तेव्हा उतार सुरू झालेला होता. १९६० नंतर जपान तेलाकडे वळला. परदेशी कोळसा स्वस्त पडू लागला, आणि लहान खाणी मिटवून मोजक्या मोठ्या खाणी चालवायच्या असं सरकारी धोरण ठरलं. त्याच धोरणातून होकुतान कंपनीने १९७५ साली युबारी नवी खाण सुरू केली. जमिनीखाली सुमारे हजार मीटर, आधुनिक यंत्रसामग्री, मोठं उत्पादन. शहराची सगळी आशा तिच्यावर होती.

१६ ऑक्टोबर १९८१ च्या दुपारी तिथे कोळशाच्या भिंतीतून वायूचा लोट फुटला. पाठोपाठ आग लागली. सुटकेसाठी उतरलेल्यांपैकीही काही जण मेले. आग विझेना, तेव्हा कंपनीने बोगद्यांत नदीचं पाणी सोडायचं ठरवलं. आत ५९ माणसं बेपत्ता होती आणि त्यांचे मृतदेह पाहिलेले नव्हते. कंपनीच्या अध्यक्षांनी घरोघर जाऊन नातेवाइकांची संमती मागितली. २३ ऑक्टोबरला शहरभर भोंगा वाजला, लोक जागच्या जागी उभे राहिले आणि पाणी सोडलं गेलं. एकूण ९३ माणसं गेली. पाणी उपसून शेवटचा देह वर काढेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं होतं. कंपनीचं दिवाळं निघालं आणि १९८२ साली खाण बंद झाली. १९८५ साली मित्सुबिशीच्या मिनामी ओयुबारी खाणीत स्फोट होऊन ६२ जण मेले. हीच युबारीतली शेवटची खाण ठरली आणि १९९० साली तीही मिटली.

आता हिशेब. खाण मिटली तरी चाळी, पाण्याच्या वाहिन्या, स्नानगृहं, इस्पितळ, रस्ते जागेवरच होते, आणि त्यांत राहणारी माणसंही. कंपनी गेली, तेव्हा हे सगळं नगरपालिकेने अंगावर घेतलं. घरं विकत घेतली, पाडली, नवी बांधली. इस्पितळ चालवायला घेतलं. १९७९ ते १९९४ या काळात खाणी बंद झाल्यानंतरची ही निस्तरानिस्तर करायला सुमारे ५,८३० कोटी येन लागले आणि त्यातला मोठा भाग रोखे काढून उभा केला गेला. केंद्राची आणि प्रांताची मदत मिळाली, पण निम्म्याहून अधिक ओझं पालिकेच्याच डोक्यावर राहिलं. ज्या कोळशावर देशाचे पोलाद कारखाने चालले, तो संपल्यावरची आवराआवर त्या दरीतल्या करदात्यांनी करायची, हा अन्यायच होता. दिवाळखोरीच्या चर्चेत हा भाग पुरेशा जोराने मांडला जात नाही.

नाकाता तेत्सुजी १९७९ साली महापौर झाले आणि २००३ पर्यंत, म्हणजे २४ वर्षं, त्या खुर्चीवर राहिले. ‘कोळशाकडून पर्यटनाकडे’ ही त्यांची घोषणा. खाणीच्या जागी ‘कोळसा इतिहास ग्राम’ उभं राहिलं, त्यात संग्रहालय, पाळणे, यंत्रमानवांचं दालन. १९९० पासून हिवाळ्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला. क्वेंटिन टॅरेंटिनो १९९३ साली इथे येऊन गेला आणि पुढे ‘किल बिल’मधल्या एका पात्राला त्याने ‘गोगो युबारी’ हे नाव दिलं. माउंट रेसी स्की मैदानाच्या हॉटेलजवळ गाडी यावी म्हणून युबारी रेल्वे स्थानकच हलवण्यात आलं. मात्सुशिता समूहातल्या कंपनीने २००२ साली तिथून अंग काढून घेतलं, तेव्हा तरुणांना रोजगार राहावा म्हणून पालिकेने ते हॉटेल सुमारे २६० कोटी येनना विकत घेतलं.

नाकातांना मी खलनायक मानत नाही. दर वर्षी हजारो माणसं गाव सोडून जाताना पाहणाऱ्या महापौराने हात बांधून बसावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. पण त्यांच्या कारकिर्दीत हिशेब लपवला गेला, याला क्षमा नाही. जपानमध्ये आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण खातेवही मे अखेरपर्यंत उघडी असते. एप्रिल-मेमध्ये नव्या वर्षाच्या खात्यातून जुन्या वर्षाच्या खात्याला उसने पैसे द्यायचे, तूट मिटल्याचं दाखवायचं, आणि नव्या वर्षाला पडलेलं भोक बँकेच्या अल्पमुदती कर्जाने बुजवायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कागदावर ताळेबंद जुळत राहिला आणि बँका कर्ज देत राहिल्या, कारण पालिका बुडत नाही अशी सगळ्यांची समजूत होती. नाकाता २००३ साली वारले. २००६ च्या जूनमध्ये खरं चित्र बाहेर आलं आणि मार्च २००७ मध्ये शहर सरकारी देखरेखीखाली गेलं. फेडायची तूट ३,५३० कोटी येन, तेव्हा ठरलेली मुदत १८ वर्षं.

त्यानंतरची कपात कठोर होती. पालिकेचे सुमारे निम्मे कर्मचारी त्याच मार्चअखेर नोकरी सोडून गेले. महापौरांचा पगार ७० टक्के कापून महिना २ लाख ५९ हजार येनवर आणला. नगरसेवक १८ वरून ९ झाले. १७१ खाटांच्या इस्पितळाचा १९ खाटांचा दवाखाना झाला. ग्रंथालय बंद. शाळा मिटत मिटत एक प्राथमिक आणि एक माध्यमिक उरली. कर मात्र वाढले. ‘देशात सर्वांत जास्त बोजा, सर्वांत कमी सेवा’ असं वर्णन युबारीच्या नावाला चिकटलं, आणि ज्यांना जाणं शक्य होतं ते गेले. मागे राहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं आज पासष्टीपुढची आहेत. त्यांतल्या कित्येकांनी ज्या पर्यटनस्थळांसाठी कर्ज झालं तिथे कधी पाऊलही ठेवलं नसेल.

सुझुकी नाओमिची हा तोक्योच्या प्रशासनातला तरुण कर्मचारी २००८ साली मदतीसाठी इथे पाठवला गेला. २०११ साली तिशीत तो महापौर म्हणून निवडून आला. त्याच्या काळात, कर्ज फेडत असतानाच, युबारीने शहर मुद्दाम आखडून घ्यायचं काम हाती घेतलं. लांबट दरीत विखुरलेल्या वस्त्या म्हणजे पाण्याच्या लांबलचक वाहिन्या आणि बर्फ उपसायचे लांबलचक रस्ते. ते तेवढ्याच लांबीचे ठेवून थोड्या माणसांकडून चालवणं अशक्य होतं. सगळ्यांना एकदम हलवलं असतं तर म्हातारी माणसं शेजाऱ्यांना मुकली असती. म्हणून आधी प्रत्येक वस्तीतल्या वस्तीत अर्ध्या रिकाम्या इमारतींतली बिऱ्हाडं निवडक इमारतींत एकत्र आणायची आणि मग सावकाश शहराचा भार मधल्या शिमिझुसावाकडे न्यायचा, असा मार्ग धरला. बैठकांमागून बैठका झाल्या, दारोदार जाऊन समजावणं झालं. मला युबारीतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शहर वाढवण्याच्या विद्येचे ग्रंथ पुष्कळ आहेत. शहर माणुसकीने लहान कसं करावं हे या पालिकेला कुणाकडून शिकता येण्यासारखं नव्हतं.

रेल्वेचंही तसंच. तोट्यातली शाखा बंद होणार हे दिसत होतं. २०१६ साली सुझुकीने स्वतःच रेल्वे कंपनीपुढे ती बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला आणि बदल्यात बससेवेसाठी सुमारे ७५ कोटी येन मिळवले. शिन-युबारी ते युबारी ही १६.१ किलोमीटरची शाखा ३१ मार्च २०१९ ला शेवटची धावली. शिमिझुसावात पुढच्या वर्षी ग्रंथालय, सभागृह आणि बसथांबा एकत्र असलेली ‘रिसुता’ ही इमारत उघडली. जास्त भाव मिळाला असता, शाखा आणखी काही वर्षं टिकली असती, असं म्हणणारेही आहेत. शाखा बंद झाली त्याच वर्षी सुझुकी होक्काइदोचा राज्यपाल झाला, त्यामुळे टीकाकारांना बोलायला आणखी जागा मिळाली.

या सगळ्यात खरबूज टिकून राहिलं. १९६० साली, म्हणजे लोकसंख्येच्या शिखराच्याच वर्षी, मोजक्या शेतकऱ्यांनी दोन जाती एकत्र करून केशरी गराचं ‘युबारी किंग’ तयार केलं. ज्वालामुखीच्या राखेची, पाणी न धरणारी माती आणि दिवसरात्रीच्या तापमानातलं अंतर त्याला मानवलं. बियाण्यावर सहकारी संस्थेचा ताबा आहे आणि २०१५ साली जपानने भौगोलिक मानांकन सुरू केलं तेव्हा पहिल्या यादीत ते होतं. २०१९ च्या हंगामातल्या पहिल्या लिलावात एका जोडीला ५० लाख येन मिळाले. हा अर्थात जाहिरातीचा भाव. रोजचं खरबूज त्याच्या कितीतरी खाली विकलं जातं. अडचण माणसांची आहे, कारण शेतकरीही म्हातारे होत चालले आहेत.

चित्रपट महोत्सवातून पालिका बाहेर पडली, तरी नागरिकांनी संस्था स्थापून २००८ साली तो पुन्हा भरवला. माउंट रेसीचं हॉटेल परदेशी मालकांकडे गेलं आणि ते चालवणारी कंपनी २०२१ साली बुडाली. ओयुबारीच्या खाणवस्तीवर २०१५ पासून शुपारो धरणाचं पाणी आहे.

पुढे सुधारलेल्या योजनेनुसार कर्जाचा शेवटचा हप्ता मार्च २०२७ मध्ये फिटायचा आहे. योजना लागू असेपर्यंत ठरल्याबाहेरच्या खर्चासाठी पालिकेला तोक्योतल्या मंत्रालयाची संमती घ्यावी लागते. जपानमध्ये आजघडीला असं बंधन असलेली ही एकमेव नगरपालिका आहे. महापौर आणि नगरसेवकांची पुढची नियमित निवडणूक एप्रिल २०२७ मध्ये येते. शहर देखरेखीखाली गेलं त्या वर्षी जन्मलेली मुलं तोवर मतदार झालेली असतील, आणि त्यांनी निवडलेल्यांना आपला अर्थसंकल्प आपण ठरवता येईल.