राजधानी राखेखाली, संघ मैदानावर!

दोस्तांनो, वेस्ट इंडीज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? क्रिकेट! गॅरी सोबर्स, व्हिव्हियन रिचर्ड्स, ब्रायन लारा... घरात विचारून पाहा, बाबा किंवा आजोबा अख्खी नामावळी घडाघडा म्हणून दाखवतील. पण एक गंमत सांगू? 'वेस्ट इंडीज' नावाचा देशच जगाच्या नकाशावर नाही! कॅरिबियन समुद्रात विखुरलेले कितीतरी छोटे देश आणि बेटे क्रिकेटपुरती एकत्र येतात आणि एक संघ मैदानात उतरवतात. सोबर्स बार्बाडोसचा, रिचर्ड्स अँटिग्वाचा, तर लारा त्रिनिदादचा.

फुटबॉलमध्ये मात्र तसं नाही, बरं का! तिथे प्रत्येक बेटाची चूल वेगळी. बेट कितीही चिमुकले असो, त्याचा स्वतःचा संघ, स्वतःची जर्सी आणि स्वतःचा जयजयकार. यातल्याच एका बेटाची गोष्ट आज ऐकू या. त्याच्या संघाने करंडकांची रास जमवलेली नाही. उलट बरीच वर्षे तो जगातल्या सर्वांत शेवटच्या क्रमांकाचा संघ म्हणून ओळखला जात होता. तरीही त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. का, ते पुढे कळेलच.

पाचूचे बेट

नकाशा उघडा आणि अँटिग्वा शोधा. त्याच्या थोडं नैर्ऋत्येला, टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका दिसेल. दिसला नाही, तर भिंग घ्या! त्या ठिपक्याचे नाव मॉन्टसेराट. लांबी सुमारे १६ किलोमीटर, रुंदी सुमारे ११ किलोमीटर आणि क्षेत्रफळ अवघे १०२ चौरस किलोमीटर. १४९३ साली कोलंबस इथून गेला आणि त्याने बेटाला हे नाव दिले. पुढे सतराव्या शतकात आयर्लंडहून आलेले लोक इथे वसले, आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसे आणली गेली. आज इथे राहणारे बहुतेक लोक त्या आफ्रिकी माणसांचे वंशज आहेत. बेट अजूनही ब्रिटनच्या अखत्यारीत आहे. हिरव्यागार डोंगरांमुळे आणि आयरिश नात्यामुळे त्याला 'पाचूचे बेट' म्हणतात. फुटबॉल संघाचे लाडके नावही तेच, 'एमराल्ड बॉईज', म्हणजे पाचूच्या बेटाची पोरं. जर्सीचा रंग अर्थातच हिरवा!

१९९१ साली या संघाने कॅरिबियन स्पर्धेत सेंट लुसियाशी गाठ घातली आणि ३-० ने मार खाल्ला. १९९५ च्या सुरुवातीला मात्र शेजारच्या अँग्विला बेटाला हरवून त्यांनी आनंदाने उड्या मारल्या. तेव्हा बेटाची लोकसंख्या होती सुमारे ११,०००. एवढ्याशा लोकांतून अकरा खेळाडू निवडायचे, म्हणजे गल्लीतल्या टीमसारखंच की! पण गाडी हळूहळू रुळावर येत होती. आणि तेवढ्यात...

डोंगर जागा झाला

बेटाच्या दक्षिण भागात सुफ्रिएर हिल्स नावाचा डोंगर आहे. तो ज्वालामुखी आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पण तीनशेहून अधिक वर्षे तो गाढ झोपलेला. कुणाच्या पणजोबांनीही त्याला जागा झालेला पाहिला नव्हता. १८ जुलै १९९५ रोजी तो जागा झाला! वाफ आणि राख बाहेर पडू लागली. डोंगराच्या पायथ्याशी होती राजधानी प्लिमथ. बाजार, शाळा, कचेऱ्या, बंदर सगळं तिथेच. आधी लोकांना काही दिवसांसाठी हलवले, मग परत आणले, पुन्हा हलवले. १९९६ च्या एप्रिलमध्ये प्लिमथ सोडावे लागले, ते कायमचेच.

तुम्हाला वाटेल, ज्वालामुखी म्हणजे लाल लाव्हा संथपणे वाहत येतो, पळायला वेळ मिळतो. इथे तसं नव्हतं. इथला लाव्हा घट्ट. तो डोंगराच्या माथ्यावरच साचत जाई, त्याचा घुमट तयार होई आणि तो घुमट कोसळला की तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट उतारावरून खाली धावत सुटे. वेग आगगाडीसारखा आणि उष्णता काही शे अंश! २५ जून १९९७ ला अशाच लोटात १९ माणसे मृत्युमुखी पडली. बेटावरचा एकमेव विमानतळही त्याच वर्षी गेला. ऑगस्टमध्ये हे लोट प्लिमथपर्यंत पोहोचले आणि शहर जळून राखेखाली गाडले गेले.

बेटाचा दक्षिणेकडचा अर्धाअधिक भाग बंद झाला. तो आजही बंदच आहे. तीनांतली दोन माणसे बेट सोडून गेली. कुणी अँटिग्वाला, तर बरीच कुटुंबे थेट इंग्लंडला. जे राहिले, ते उत्तरेच्या कोपऱ्यात सरकले.

आता जरा विचार करा. फुटबॉलच्या जगाचा कारभार पाहणाऱ्या फिफाचे सदस्यत्व मॉन्टसेराटला केव्हा मिळाले असेल? १९९६ साली! म्हणजे ज्या वर्षी राजधानी रिकामी झाली, नेमके त्याच वर्षी. हातात जगन्मान्यता आली आणि पायाखालची जमीन निघून गेली. खेळाडू पांगले, प्रेक्षक पांगले. खेळणार कोण आणि बघणार कोण?

दुसरी अंतिम लढत

तरीही संघ खेळत राहिला आणि हरत राहिला. २००२ साली फिफाच्या क्रमवारीत २०३ संघ होते आणि मॉन्टसेराटचा क्रमांक होता २०३ वा! त्यांच्या वर, २०२ वर कोण? आपला शेजारी भूतान. भूतानची अवस्था काय वर्णावी? २००० साली कुवेतने त्यांच्यावर तब्बल वीस गोल चढवले होते.

त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी हॉलंडचा बलाढ्य संघ पात्र ठरला नव्हता. तेव्हा हिरमुसलेल्या दोघा डच मित्रांच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली. जगातले सर्वोत्तम दोन संघ अंतिम सामना खेळणार, मग सर्वांत शेवटचे दोन संघ का नाही? फिफाने मान्यता दिली. दिवसही ठरला तोच, ३० जून २००२. जपानमधल्या योकोहामात ब्राझील आणि जर्मनी, तर भूतानची राजधानी थिंफूमध्ये भूतान आणि मॉन्टसेराट!

पण थिंफू गाठायचे कसे? बेटावर विमानतळ नाही. आधी शेजारचे बेट गाठायचे, मग एकामागून एक विमाने बदलायची. अर्धी पृथ्वी ओलांडून, बँकॉक आणि कोलकाता करत पोरं भूतानला पोहोचली, तेव्हा पार थकून गेली होती. कित्येकांची पोटे बिघडलेली. त्यात थिंफू समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचावर! समुद्रकाठच्या माणसाला तिथे जिना चढला तरी धाप लागते. मग नव्वद मिनिटे धावायचे म्हणजे काय होत असेल?

इंग्लंडचे पंच स्टीव्ह बेनेट यांनी शिट्टी फुंकली. स्टेडियम गच्च भरले होते. भूतानच्या वांगे दोरजीने हॅटट्रिक केली, दिनेश छेत्रीने एक गोल केला आणि भूतान ४-० ने जिंकले. आंतरराष्ट्रीय सामन्यातला भूतानचा हा पहिलाच विजय! प्रेक्षकांनी पाहुण्यांसाठीही टाळ्यांचा कडकडाट केला. करंडकाचे दोन भाग झाले आणि दोन्ही संघांनी एकेक भाग घेतला. त्या सामन्यावर चित्रपटही निघाला. त्याचे नाव 'द अदर फायनल', म्हणजे 'दुसरी अंतिम लढत'.

काही जण म्हणाले, "शेवटून पहिले कोण, हे ठरवायला एवढा खटाटोप?" पण जरा मॉन्टसेराटच्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. त्याआधीची सात वर्षे जगाने या बेटाचे नाव घेतले ते फक्त राख आणि विध्वंसाच्या बातम्यांत. त्या दिवशी मात्र ते नाव फुटबॉलच्या बातमीत आले. हरलेला का होईना, पण खेळणारा संघ म्हणून!

आजोबांचे बेट, नातवाची जर्सी

पुढची काही वर्षे आणखी कठीण गेली. २००४ साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीत बर्म्युडाने १३-० असा धुव्वा उडवला, परतीच्या सामन्यात ७-०. २००८ साली सुरिनामकडून ७-१ असा मार. हा सामना मॉन्टसेराटचा 'घरचा' म्हणायचा, पण खेळला गेला त्रिनिदादमध्ये. यजमान आपण आणि घर दुसऱ्याचं!

मग संघ सावरला कसा? बेट सोडून गेलेल्या माणसांमुळेच! फिफाच्या नियमानुसार, तुमचे आई-वडील किंवा आजी-आजोबा एखाद्या ठिकाणी जन्मलेले असतील, तर तिथल्या संघाकडून तुम्हाला खेळता येते. इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांतली मुले तिथल्या क्लबांत फुटबॉल शिकत होती. कुणी मोठ्या क्लबांत, कुणी छोट्या, तर कुणी दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव. संघटनेने त्यांना हाक मारली आणि पोरं आली! लंडनमध्ये जन्मलेला लायल टेलर हा त्यातला सर्वांत गाजलेला आघाडीचा खेळाडू. बेटावर वाढलेली मुले आणि परदेशात वाढलेली मुले एकाच हिरव्या जर्सीत दिसू लागली.

निकालही बदलू लागले. सप्टेंबर २०१२ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सवर ७-० अशी मात! फिफाचे सदस्य झाल्यानंतर सोळा वर्षांनी मिळालेला हा पहिला विजय. २०१५ साली गाठ पडली कुरासाव या बेटाशी. त्यांचा प्रशिक्षक होता हॉलंडचा नामांकित खेळाडू पॅट्रिक क्लायव्हर्ट. कुरासावमध्ये मॉन्टसेराट २-१ ने हरले, पण घरच्या मैदानावर त्यांनी २-२ अशी बरोबरी साधली. एका गोलाने संधी हुकली.

२०१८-१९ च्या नेशन्स लीग पात्रता फेरीत स्कॉटलंडचे माजी खेळाडू विली डोनाकी प्रशिक्षक होते. बेलीझ, अरुबा आणि केमन आयलंड्स या तिघांना मॉन्टसेराटने हरवले. उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे, गोल्ड कपचे, दार अगदी समोर दिसत होते. पण गोलफरक आडवा आला. २०२१ साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर त्यांनी कमालच केली. अँटिग्वाशी २-२, एल साल्वाडोरशी १-१, यू. एस. व्हर्जिन आयलंड्सवर ४-० आणि ग्रेनाडावर २-१. चार सामने, एकही हार नाही! पण गटातून एकच संघ पुढे जाणार होता. एल साल्वाडोरचे गुण १०, मॉन्टसेराटचे ८. न हरताही बाहेर! कधी म्हणून नशिबाने साथ दिली असेल तर शपथ.

आणि ते कुरासाव आठवतंय ना? ज्याला मॉन्टसेराटने २०१५ साली घाम फोडला होता, त्याच दीड लाख वस्तीच्या बेटाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जमैकाला बरोबरीत रोखले आणि २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. लोकसंख्येने इतका लहान संघ त्याआधी कधीच विश्वचषकाला पात्र ठरला नव्हता. म्हणजे छोट्या बेटांनी मोठी स्वप्नं बघायला काहीच हरकत नाही.

संघ कशासाठी?

मॉन्टसेराटवर आता पाच हजारांहूनही कमी लोक राहतात. २००५ साली उत्तरेला एक छोटा विमानतळ झाला. बेघर झालेल्या लोकांसाठी लुक आउट नावाची वस्ती उभी राहिली आणि तिच्याजवळच ब्लेक्स इस्टेटचे फुटबॉल मैदानही. राखेखालचे प्लिमथ मात्र तसेच आहे.

गाव गेले, शाळा गेली, घर गेले. मग लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाने 'मी मॉन्टसेराटचा' असे म्हणायचे तरी कशाच्या जोरावर? ज्या घराचा पत्ता आजी सांगते, तिथे जायलाच बंदी आहे. अशा वेळी ती हिरवी जर्सी उपयोगी पडते. ती अंगात घातली की तो मुलगा आजीच्या बेटाचा होतो. आणि सामना बघायला जमलेले लोक पुन्हा एकदा एका गावचे होतात, मग ते बेटावर असोत की इंग्लंडमध्ये. त्या संघाची खरी कमाई हीच. तिची नोंद कुठल्याही गुणतक्त्यात होत नाही.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी वर्तमानपत्रात फुटबॉलचा तक्ता दिसला, तर एक करा. नेहमीसारखा वरून न वाचता तो खालून वाचा. तळाशी एखादे अनोळखी नाव दिसेल. लगेच नकाशा उघडा आणि ते गाव कुठं आहे, तिथली माणसं कोण आहेत, हे शोधून काढा. आणि हो, सापडलेली गोष्ट वर्गातल्या मित्रांना सांगायला विसरू नका!