व्हिडिओ बघून धंदा शिकता येतो का?

पॅकिंगचे पन्नास व्हिडिओ बघितले, तरी सुरुवात होत नाही? कारण बघणं म्हणजे शिकणं नव्हे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती हातानं करून शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथे फॅब लॅबही आली. पण खरी गंमत यंत्रात नाही. मुलं गावाला लागणारं काम करतात. गेट नीट बसलं नाही तर गिऱ्हाईक लगेच सांगतं!

आपण रत्नागिरीत हेच करू शकतो. समजा, आंबापोळी विकायची आहे:

१. आधी एफएसएसएआय नोंदणी करा.
२. मोबाइलवर लेबल बनवा, दहाच पाकिटं भरा.
३. आंबा, साखर, पाकीट, स्वतःची मजुरी धरून एका पाकिटाचा खर्च काढा.
४. अनोळखी लोकांना विका. नातेवाईक "छान" म्हणणारच!
५. कोण परत मागतं, ते वहीत लिहा.

हजार पाकिटं छापून पैसे अडकवण्यापेक्षा दहा पाकिटांत चुका स्वस्तात कळतात. मग व्हिडिओ बघा. तेव्हा काय शोधायचं, हे तुम्हाला माहीत असेल.