विषाची बाटली

तंबाखूच्या टाकाऊ पानादेठांपासून काढलेले निकोटिन सल्फेट एके काळी कीटकनाशक म्हणून पिकांवर फवारीत असत. तेच निकोटिन आज ग्लिसरीनमध्ये मिसळून, फळांचा सुवास देऊन, ई-सिगारेटीत भरले जाते. 18 सप्टेंबर 2019 च्या वटहुकुमाने आणि मागाहून झालेल्या कायद्याने आपल्या देशात या सिगारेटींचे उत्पादन, विक्री आणि साठा यांस मनाई झाली असल्यामुळे तो द्रव कशात भरावा, हे अकोल्या-अमरावतीच्या वाचकास सांगण्याचे प्रयोजन उरलेले नाही. परंतु त्या इवल्याशा बाटलीविषयी परदेशी जो विचार झाला, तो आमच्या कपाशीच्या मुलखाने मनावर घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

युरोपीय संघाने 2014 साली असा निर्बंध घातला की, निकोटिनच्या द्रवाची बाटली 10 मिलिलिटरहून मोठी नसावी, आणि तिचे झाकण पोरासोरांच्या हातून सुटू नये. हे झाकण आधी खाली दाबावे आणि दाब न सोडता फिरवावे, तेव्हाच उघडते.

आता वऱ्हाडातील फवारणीचे दिवस पाहा. लिटरभर औषध (विषाला आम्ही औषधच म्हणतो, आणि अर्धा घात या शब्दातच आहे) दोघा शेजाऱ्यांनी मिळून आणावे, आणि एकाचा वाटा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून घरच्या देवळीत ठेवावा, ही रीत सर्वत्र आहे. माझ्या आजोळी अशीच एक बाटली तेलाच्या बुधलीशेजारी होती; दोहोंचा रंग सारखाच पिवळसर, आणि आजीचा हात अंधारात कोणत्या बाटलीवर पडेल, याचा भरवसा कोणी द्यावा?

ओतताना द्रव येतो, माहिती मात्र मागे राहते. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार मूळ बाटलीच्या चिठ्ठीवर चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. त्याच चिठ्ठीवर उताराही छापलेला असतो. विषबाधेचा रोगी इस्पितळात आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'घेतले काय?' हाच असतो, कारण एका जातीच्या विषाला ॲट्रोपीन लागते, तर दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. पाण्याची बाटली याचे उत्तर देत नाही. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते फवारणी करताना, बाटलीमुळे नव्हे. परंतु औषधाची जात आणि प्रमाण ठाऊक असणे किती जरुरीचे आहे, हे त्या पावसाळ्याने साऱ्या विदर्भाला दाखविले.

म्हणून वाटा घ्यायचाच झाल्यास औषध न वाटता फवारणीचा दिवस वाटून घ्यावा, आणि बाटली मूळचीच ठेवावी. रिकामी झाली की तिच्यात तेल किंवा पाणी न भरता ती फोडून वस्तीपासून दूर पुरावी, असे ते नियमही सांगतात. माझे मामा हल्ली औषध पत्र्याच्या पेटीत, गोठ्यापलीकडच्या खोलीत ठेवतात, आणि किल्ली करगोट्याला बांधतात.