पेठेचं नाव कोण काढतं?

वेड पांघरून जायचं ते पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं. परभणी तालुक्यातलं पेडगाव हे मनमाड-परभणी लोहमार्गावरचं साधं स्टेशन. लग्नाचा बस्ता, दागिने, दवाखाना, शाळेचे कपडे, काहीही असलं तरी गाठायची ती परभणी. जिल्ह्याच्या ठिकाणची मुख्य पेठ अशाच खेड्यांच्या गिऱ्हाइकीवर उभी असते. गांधी पार्क, शिवाजी चौक, कच्छी बाजार, स्टेशन रोड ही नावं त्या गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण तर साऱ्या मराठवाड्याला.

गावाची जाहिरात अशी फुकटात झाली. पेठेची कोण करतं? आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे दिवाळीची रोषणाई, सोडतीची कुपनं आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक. त्या फलकांमागे दुकानंच दिसेनाशी होतात, तो भाग निराळा.

मुंबईतल्या काळा घोडा भागाची हकिकत म्हणून लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या काळ्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे सातवा एडवर्ड) अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये तिथून हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत पोहोचला. घोडा गेला, नाव मात्र लोकांच्या तोंडी तसंच राहिलं. 1998 मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि 1999 पासून दरवर्षी कला महोत्सव भरू लागला. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून तिथं होती; डेव्हिड ससून ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय तर त्याहून जुनी. असोसिएशननं नवं काही बांधलं नाही. जे होतं ते एका नावाखाली, वर्षातल्या ठरावीक दिवशी लोकांपुढे मांडलं आणि उभा राहिलेला पैसा परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीकडे वळवला. नवा घोडा आला तो 2017 मध्ये, आणि तोही स्वाराविना! पुतळा आधी आणि माणसं नंतर, या आपल्या नेहमीच्या रिवाजाच्या अगदी उलट.

तिथून जवळच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरचं काम कमी गाजलं, पण दुकानदारांनी शिकावं असं ते आहे. या रस्त्याच्या दगडी कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकून गेल्या होत्या. एकानं मोठी पाटी लावली की शेजाऱ्याला त्याहून मोठी लावावी लागे आणि शेवटी कोणाचीच नीट दिसत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी रस्त्याचा अभ्यास करून नियम सुचवले: पाटी कमानीच्या आत, बेताच्या आकाराची, इमारतीला शोभणारी. एकट्यानं पाटी लहान करणं धंद्याला परवडत नाही. सगळ्यांनी केली तरच परवडतं. म्हणून दुकानदारांना एकत्र बसवणं हेच यातलं खरं काम होतं.

एकत्र बसलेले एकत्र पैसे मात्र देतातच असं नाही. वर्गणी चारजण देतात आणि रोषणाईचा फायदा चाळीसजणांना मिळतो. कॅनडातल्या टोरांटोमध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेनं 1970 मध्ये यावर तोडगा काढला. भुयारी रेल्वे सुरू झाल्यावर रस्त्यावरची ट्राम गेली आणि गिऱ्हाईक दुकानांखालून परस्पर जाऊ लागलं. त्यात मॉलची भर. तेव्हा दुकानदारांनीच मागणी केली, की पेठेतल्या प्रत्येकाकडून जादा पट्टी सक्तीनं घ्या आणि ती याच रस्त्यावरची बाकं, दिवे, झाडं यांवर खर्चा. ही पद्धत पुढे जगभर पसरली. अमेरिकेनं 1977 मध्ये तीन छोट्या गावांत मुख्य रस्त्यांच्या पुनरुज्जीवनाचा प्रयोग करून 1980 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्रच काढलं. आपल्याकडे मात्र कर भरायचा तो पालिकेच्या तिजोरीत. आपल्या गल्लीला त्यातलं काय आलं, हे विचारायची सोय फारशी नाही.

पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेनं पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांसाठी बंद केला. गाडी दाराशी आली नाही तर गिऱ्हाईक जाईल, ही व्यापाऱ्यांची धास्ती सगळ्या शहरांत सारखीच असते. पेडगावहून येणारं गिऱ्हाईक मात्र बहुधा रेल्वेनं, एसटीनं किंवा वडापनं उतरून पायीच पेठेत शिरतं. त्याला गाडीतळापेक्षा सावली, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ मुतारी आणि पिशव्या टेकवायला ओटा हवा असतो.

हे सगळं करू शकेल अशी महापालिका परभणीत 2011 मध्ये आली. गिऱ्हाइकाचीही वानवा नाही. दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला लांबून लोक येतात. एवढी आयती गर्दी पुष्कळ शहरांच्या नशिबी नसते. ती पेठेपर्यंत आणायची, तर रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईलाही हिशेबात धरावं लागेल. दुकानदार तिला अतिक्रमण म्हणतो, पण रोजची वर्दळ तिच्याचमुळे टिकते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांना.